शिकवणारा पाय

आमच्या भागात आईला सगळे क्लचबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते माहीत आहे, आणि आतून जरासं आवडतंही. अर्ध्या वस्तीला तिने गाडी शिकवली आहे. तिच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या दोन गाड्या. एकीत शिकणाऱ्याच्या शेजारी ती बसते, दुसरीत मी. आमच्या बाजूलाही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. शिकणारा चुकला की आमचा पाय जातो. ज्याचा पाय विचार करून जातो त्याने शिकवायला बसू नये, असं आईचं मत आहे, आणि आईचं मत म्हणजे आमच्या घरात कायदाच.

मी बारावी झाल्यापासून या गाडीत बसते आहे. कारण आईचा उजवा खुबा. इतकी वर्षं पाय अधांतरी धरून बसल्याने तो झिजला आहे. डॉक्टरांनी सांगितलं, बसणं कमी करा. तिने कमी केलं म्हणजे माझ्या गळ्यात घातलं. तक्रार नाही, पण शिकणारी माणसं फार डोकं खातात. एक काका तर प्रत्येक सिग्नलला गाडी बंद पाडायचे आणि माझ्याकडे असं बघायचे की जणू सिग्नल मीच लावला होता.

मला विमान चालवायचं होतं. लहानपणी आभाळाकडे बघत बसायचे वगैरे काही नाही. मला फक्त त्या शेजारच्या सीटवरून उठायचं होतं आणि जिथे बसले की गाडी माझी असेल तिथे बसायचं होतं. त्यातली सगळ्यात मोठी गाडी विमान, एवढं साधं ते होतं.

कॉलेज शोधायला मामा पुढे सरसावला. मामा विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झालाय, आणि निवृत्त झाल्यापासून त्याला सगळंच कळतं. त्याने एक अकादमी शोधून काढली. पहिल्या दिवसापासून गणवेश, पोहण्याचा तलाव, दीड वर्षात लायसन्स हातात. फक्त घर गहाण टाकावं लागणार होतं.

"बँका कशासाठी असतात मग?" मामा म्हणाला.

"घर घेण्यासाठी," आई म्हणाली. "आणि ते मी एकदा घेतलंय."

मग मी दुसरं शोधलं. शहराबाहेरच्या छोट्या धावपट्टीला लागून एक साधं कॉलेज होतं. दुपारी वर्ग, उडायला शेजारच्या क्लबची जुनी विमानं. तलाव नाही, कॅन्टीनही धड नाही. पण फी झेपण्यासारखी होती, आणि वर्ग दुपारी असल्याने सकाळ-संध्याकाळच्या बॅचेस मला घेता आल्या असत्या. दुसरी गाडी चालू राहिली तर त्या गाडीतून फी निघत होती. एकच गोष्ट खटकत होती. लायसन्स मिळाल्यावर लगेच कोणी मोठं विमान हातात देत नाही. आधी उड्डाणाचे भरपूर तास जमवावे लागतात, आणि ते स्वस्तात जमवायचे तर तिथेच नवीन मुलांना शिकवत बसायचं.

"म्हणजे शेवटी शेजारच्याच सीटवर!" असं म्हणून आई इतकी हसली की तिला खुबा धरावा लागला. मला मुळीच हसू आलं नाही. पण दुसरा रस्ताच नव्हता, म्हणून मी हो म्हटलं.

प्रवेशापूर्वी कॉलेज एक चाचणीचं उड्डाण घेतं. एक कॅप्टन तुम्हाला वर नेते, थोडा वेळ विमान तुमच्या हातात देते आणि तुम्ही पुढे शिकू शकाल का ते ठरवते. तिने नाही म्हटलं की विषय संपला. मागची सीट रिकामी असेल तर पालकांना बसता येतं. मी आईला खालीच थांब म्हटलं होतं. तिने ऐकलं नाही. "मुलगी कोणाच्या शेजारी बसतेय ते बघायला नको?" म्हणे.

कॅप्टनबाई पन्नाशीच्या, केस अगदी बारीक कापलेले, बोलणं कमी. विमान आमच्या गाडीपेक्षा जुनं आणि आतून तेवढंच अरुंद होतं. निघण्यापूर्वी त्यांनी मला समजावलं, "हे जमिनीवर असताना हाताने वळत नाही. पायाने वळतं. उजवं पेडल दाबलं की उजवीकडे, डावं दाबलं की डावीकडे. आणि पेडलच्या वरच्या भागावर चवडा दाबलास तर फक्त त्या बाजूच्या चाकाचा ब्रेक लागतो. थांबायचं असेल तर दोन्ही पाय सारखे दाबायचे. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. कळलं होतंही.

वर काय झालं ते नीट सांगता येणार नाही. वस्ती, रस्ते, गोदामांची पत्र्याची छपरं खाली गेली आणि कॅप्टनबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "तुझं," त्या म्हणाल्या. मी वळवलं, सरळ केलं, पुन्हा वळवलं. विमान माझं ऐकत होतं. आजवर मी कधी इतकी आनंदात नव्हते, आणि हे मला तिथे, त्याच क्षणी कळलं. मागून आई काहीतरी म्हणाली, ते इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही.

"हात हलका आहे तुझा," कॅप्टनबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप होतं.

उतरल्यावर त्यांनी पुन्हा विमान माझ्याकडे दिलं. "ने पार्किंगपर्यंत. सावकाश." मी पायाने नेत होते, चांगलं चाललं होतं. तेवढ्यात डावीकडच्या एका उभ्या विमानामागून एक मेकॅनिक शिडी घेऊन बाहेर आला. तो खूप लांब होता. आमच्या वाटेतही नव्हता. पण कोणीतरी अचानक बाहेर आलं एवढंच मला दिसलं आणि माझा उजवा पाय गेला. सगळी ताकद लावून, एकटाच.

उजवं चाक जागच्या जागी अडलं आणि विमान गर्रकन उजवीकडे फिरलं. कॅप्टनबाईंनी दोन्ही पाय मारून थांबवलं, पण पंखाचं टोक तिथल्या एका हातगाडीला लागलं. काचेचा आवाज आला. पंखाच्या टोकाचा हिरवा दिवा फुटून खाली पडला होता.

पण त्याच्या आधी मी दुसरा एक आवाज ऐकला होता. माझा पाय गेला त्याच क्षणी माझ्या सीटच्या मागे आईचं पाऊल विमानाच्या तळावर आपटलं होतं. धप्.

इंजिन बंद झाल्यावर कॅप्टनबाई मागे वळल्या. "तुमचाही गेला ना पाय?"

आईने मान हलवली.

त्यांच्या खोलीत दोन लोखंडी खुर्च्या, एक टेबल आणि भिंतीवर वाऱ्याचा नकाशा होता. मला वाटलं आता तोंडाला पानं पुसणार. कॅप्टनबाईंनी आधी आईला चहा दिला, मग माझ्याकडे वळल्या.

"दिवा बदलता येतो. त्याचं मला काही नाही. तू घाबरून चुकली असतीस तरी मी काही बोलले नसते, घाबरणं जातं. पण तू घाबरली नव्हतीस. तुझा पाय शिकलेला आहे आणि तो तुला न विचारता जातो. धावपट्टीवर वेगात असताना असा एकच पाय गेला तर आपण हातगाडीवर थांबत नाही."

"मग?" मी विचारलं.

"जागा देते. पहिल्या टर्मला नुसते वर्गच असतात, उड्डाण नाही. तेवढ्या दिवसांत त्या गाडीत शिकवायला बसायचं नाही. एकदाही नाही. स्वतः गाडी चालव हवी तेवढी, पण शेजारी बसायचं नाही. टर्म संपली की मी परत तपासेन. पाय तसाच असेल तर जागा दुसऱ्याला जाईल."

मी आईकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. ती जागा मला परवडत होती ती मी शिकवायला बसत होते म्हणून, आणि शिकवायला बसले तर ती जागाच राहणार नव्हती. इतकं सरळ कोडं मला कोणी घातलं नव्हतं, आणि त्याला उत्तर नव्हतं.

घरी येताना आईने गाडी चालवली. मी शेजारी, माझ्या नेहमीच्या सीटवर. समोरून एक सायकलवाला आडवा आला आणि माझा पाय ब्रेककडे गेला. मी दोन्ही हातांनी गुडघा धरून ठेवला.

"तू शिकवलंस मला हे," मी एकदम बोलले. "विचार करायचा नाही म्हणे! तुझ्यामुळे झालं हे सगळं."

"हो, माझ्यामुळे," आई म्हणाली. "आणि त्या पायामुळे आजपर्यंत आपल्या गाडीखाली एकही माणूस गेलं नाही, तेही माझ्यामुळे."

तिचं बरोबर होतं. म्हणूनच मला जास्त राग आला.

मामा वाटच बघत होता. सगळं ऐकून त्याने चुटकी वाजवली. "एवढंच ना? सांगायचं बसत नाही म्हणून. ती कॅप्टन काय सकाळी येऊन बघणार आहे तुझ्या गाडीत?"

"ती नाही बघणार," मी म्हटलं. "पण विमानाला कळेल ना."

"मग दुसरा माणूस ठेवा शिकवायला."

"ठेवला होता," आई म्हणाली. "दुसऱ्या गाडीतून जे येतं ते त्याच्या पगारात जात होतं. शिवाय सोडून जाताना माझी निम्मी गिऱ्हाइकं घेऊन गेला."

"मग घर..."

"दादा, घराचं नाव काढू नकोस."

मी म्हटलं, "सोडून देऊ या. पुढच्या वर्षी बघू." हे मी अगदी मोठेपणाने म्हटलं, पण आतून वाट बघत होते की कोणीतरी नको म्हणावं.

आई खुर्चीतून उठली. उठताना तिने टेबलाला धरलं. "उद्यापासून दोन्ही गाड्यांच्या बॅचेस मी घेते. तुझी पोरं माझ्या वेळांत बसवते. एक टर्म तर आहे."

"तुझा खुबा?"

"खुब्याला विमान चालवायचं नाहीये."

मामा हसला. मी हसले नाही. डॉक्टरांनी काय सांगितलं ते आम्हा तिघांनाही पाठ होतं: असंच बसत राहिलात तर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर शिकवणं बंद. मी बोलायला तोंड उघडलं. नको म्हणायचं होतं, तुझ्या पायावर मला नाही उडायचं असं म्हणायचं होतं. ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मी पाणी प्यायले आणि म्हटलं, "बरं."

मला माझी लाज वाटली. आणि त्याच वेळी इतकं सुटल्यासारखं वाटलं की ते लपवायला मला उठून आत जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बॅच फाटकाशी उभी होती. मी वर खिडकीत होते, हवामानशास्त्राचं जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन. सिग्नलवाले काका आज पहिले होते.

"ताई नाहीत?" त्यांनी विचारलं.

"ताई आता विमानवाली आहे," आई म्हणाली, मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "बसा. आरसा नीट करून घ्या आधी."

मग ती शेजारच्या दाराकडून सीटवर बसली. पाय अजून बाहेर होते. आधी उजवा आत घ्यायचा, तो उचलेना. तिने एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला, मग खाली वाकून दोन्ही हातांनी पोटरी धरली आणि पाय उचलून आत ठेवला, मागोमाग डावा घेतला. तेवढ्याने तिला दम लागला. दार ओढून घेण्यापूर्वी तिने वर खिडकीकडे पाहिलं.

मला खाली जायला कितीसा वेळ लागला असता? मी पुस्तकात मान घातली आणि गाडी कोपऱ्यावरून वळून जाईपर्यंत वर काढली नाही.