गायिकेचा चुलतभाऊ

चष्मेवाल्याचा फायदा काय होता, ते आधी पाहू. दुकानाच्या पाटीवर त्याचं आडनाव होतं आणि त्या आडनावाची तीन माणसं नावारूपाला आलेली: एक न्यायाधीश, एक पहिलवान, एक गायिका. गिऱ्हाईक पाटी वाचून विचारायचं, "त्यांच्यातलेच का तुम्ही?" हो म्हटलं की दुकानाचा भाव वाढणार. पण न्यायाधीशांना चार मुलगे, पहिलवानाची तर भावकीच भावकी. कुणीही येऊन कान धरला असता. गायिकेला मागेपुढे कोणी नव्हतं. त्याने गायिका निवडली. जुन्या कॅलेंडरवरचा तिचा फोटो कापून अक्षरांच्या तक्त्याशेजारी लावला आणि तो तिचा चुलतभाऊ झाला.

बायको म्हणाली, "एक दिवस तोंडावर आपटाल."

"ती कशाला येतेय इथे?"

ती आली. सत्तरी उलटलेली, चष्म्याची दांडी निखळलेली, आणि दुकानात नेमकी पाच माणसं. डोळे बारीक करून ती फोटोपाशी गेली.

"हा कुणी लावला?"

"यांची चुलतबहीण आहे ती, आजी," एका गिऱ्हाइकाने कौतुकाने सांगितलं.

"अस्सं? मग बहीण दारात आली तरी ओळखत नाही का हा?"

चष्मेवाल्याच्या हातातला स्क्रू पडला. तो शोधायला म्हणून काउंटरखाली गेला, तो वर येईना.

"वर ये रे. तोंड तरी बघू दे."

तो आला.

"कान अगदी काकांवर गेलेत," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "लहानपणीही असाच दडून बसायचा."

दुकान रिकामं झाल्यावर त्याने हात जोडले. "चुकलं माझं. फोटो काढून टाकतो."

"राहू दे. इतक्या वर्षांत कुणी माझ्याशी नातं सांगितलं नव्हतं, खोटंसुद्धा. रविवारी जेवायला येते. आणि दांडीचे पैसे मागू नकोस, बहिणीकडून घेतात का कुणी?"

ती आठ वर्षं दर रविवारी आली. भाजीत मीठ जास्त म्हणाली, पडदे बदलायला लावले, भावाला बायकोदेखत झापलं. बायको आधी धुसफुसली, मग "वन्सं, तुम्हीच सांगा यांना" म्हणायला लागली. अंथरूण धरल्यावर गायिकेला तिनेच घरी आणलं. सकाळी केस विंचरायचे, घोटघोट पेज पाजायची, आणि मान कलती झाली तेव्हा हात तिच्याच हातात होता.

आता हिशेब. गायिकेने आडनाव दिलं, तेही तिच्या एकटीचं नव्हतं. चष्मेवाल्याने एक थाप घातली आणि बहीण कमावली. बाकी सगळं भरलं ते बायकोने, जिचं ते आडनाव जन्माचंही नव्हतं.