सहावी नस आणि मास्तरांची दाढी

"मान हलवायची नाही, फक्त डोळे हलवायचे." डॉक्टरीणबाईंचे हे शब्द रोज सकाळी माझ्या कानात असत, पण मला ते ह्यांना बोलून दाखवता येत नसत. प्रार्थना होईपर्यंत मी मौन पाळते.

ह्यांचं केस कापायचं दुकान आहे. एकदा गिऱ्हाइकाच्या गालाला वस्तरा लावताना ह्यांना अचानक दोन गाल दिसू लागले. उजवा डोळा उजवीकडे वळेचना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळा बाहेरच्या बाजूला ओढणारी मेंदूची सहावी नस थकलीय. साखर वाढल्यामुळे. साखर सांभाळा, बहुधा येईल ताळ्यावर." तोवर वस्तरा बंद. एक डोळा झाकला की एकच दिसे, पण अंतराचा अंदाज चुके.

ह्यांच्या जिवाला दुकानाचा घोर नव्हता, पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरांचा होता. मास्तर अंथरुणाला खिळलेले. "तुमच्या दाढीला दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही," असा शब्द ह्यांनी दिलेला, आणि मास्तर त्याला चिकटून बसलेले. त्यांच्या सुनेचा फोन आला की मागून ते ओरडत, "त्याला सांग, मला दोन हनुवट्या मूळच्याच आहेत! घाबरतोस काय?"

हे हसत. मग वस्तरा पुसून पुन्हा पेटीत ठेवत.

डोळा किती वळतो ते बघायला रोज मी ह्यांच्यापुढे बोट धरून सावकाश उजवीकडे नेई, आणि हे हळूच मान वळवत. मी डोळे वटारले की म्हणत, "ओरड ना, ओरड! म्हणून तर तपासणी सकाळीच ठेवलीय." शेवटी मी दुसऱ्या हाताने हनुवटीच धरून ठेवू लागले. "दोन दिसतात गं," एकदा हे अगदी बारीक आवाजात म्हणाले. त्या दिवशी प्रार्थनेत माझं मन लागलं नाही.

परवा बोट पार कानापर्यंत नेलं. हनुवटी माझ्या हातात निश्चल, आणि डोळा बोटामागोमाग कोपऱ्यापर्यंत गेला.

"एकच," हे म्हणाले. "पुन्हा ने बघू."

पुन्हा एकच. मी मौन मोडलं नाही. मौनात रडायला काही मनाई नाही.

काल डॉक्टरीणबाईंनीही तपासून होकार दिला. आज सकाळी ह्यांनी आधी स्वतःची दाढी केली. कुठे ओरखडा नाही. गालावरून हात फिरवून वस्तऱ्याला नवं पातं लावलं. मी प्रार्थनेला बसले होते, पण देव क्षमा करो, एक पापणी किलकिली होतीच. माझी एकाग्रता मोडू नये म्हणून हे चपला हातात घेऊन, पिशवी काखोटीला मारून, दार अलगद ओढून मास्तरांच्या गल्लीकडे निघाले.