पैलकाठाकडे पाठ

माझे वडील झुलालआबा शिंदखेड्याजवळ तापीवर नाव चालवायचे. ज्या काठाला जायचं, त्याकडे नावाड्याने पाठ करायची नाही, हा त्यांचा कडक नेम. चौऱ्याण्णव साली कुमारांच्या आंतरराष्ट्रीय नौका शर्यतीत भारताकडून वल्हं मारून मी घरी आलो, तेव्हा पेपरातला फोटो पाहून त्यांचं टाळकंच सरकलं. फोटोत आम्ही चौघेही शेवटाच्या रेषेकडे पाठ करून बसलेलो.

"जठे जानं, तठेच पाठ? हाई शिकाडेल शे का मी तुले?"

"आबा, या शर्यतीत सगळ्या देशांची पोरं अशीच बसतात."

"कितवा उनात?"

"सहा देशांत चौथे."

आबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "पुढला तिन्ही देश तुले दिसनात का?"

"नाही. ते पाठीमागे होते."

"आन हारेल दोन?"

"ते शेवटपर्यंत डोळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी बाजारकरू नावेत बसले, तेव्हा आबा जन्मात पहिल्यांदा पैलकाठाकडे पाठ करून वल्हं मारायला लागले. "मना पोऱ्याले पुढे कोनीच दिसनं नही," ते सगळ्यांना सांगत होते.

नाव घाट सोडून पन्नास पावलं खाली, चिखलात लागली. बाजारकरू गुडघाभर चिखल तुडवत हसत उतरले. आबांना तेही दिसलं नाही.