कासवाचं अंगण

सम्राट गेल्यावर भिंगारच्या त्या घरात तिघं उरले. त्याची बायको जयमाला, त्याचे वडील रंभाजी आणि ढब्बू नावाचं कासव. सम्राट चौतीस वर्षांचा होता. एमआयडीसीत पहिल्या पाळीला मशीनपाशी उभा असताना खाली बसला, तो उठलाच नाही.

कासव त्याचं. लग्नाआधी कुणाकडून तरी त्याने ते जर्किनच्या खिशात घालून आणलं होतं, तेव्हा बटाट्याएवढं होतं. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या. बारा वर्षं ते न्हाणीघराबाहेरच्या प्लास्टिकच्या टबात राहिलं, कोबी आणि पाव खाऊन. सम्राट रोज कामावरून आला की त्याला पोटावर घेऊन टीव्ही बघायचा. आता जयमाला पॅथॉलॉजी लॅबमधून आली की टबाजवळ पाटावर बसायची. रंभाजी ओट्यावर बसायचे. दोघांत बोलणं होतं ते जेवणापुरतं.

डिसेंबरात ढब्बूने खाणं सोडलं. डोळे सुजले, पाठ बोटाने दाबली तर किंचित दबायला लागली. जयमालाने त्याला पिशवीत घालून नगरला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. रंभाजी सोबत गेले. डॉक्टरांनी आधी दार लावून घेतलं.

"ताई, हे चांदणी कासव आहे. घरात ठेवणं गुन्हा आहे, माहीत आहे का?"

"माझ्या मिस्टरांचं आहे. ते वारले."

डॉक्टरांनी ढब्बूला टेबलावर ठेवून पाठ दाबून पाहिली. मग म्हणाले, "याला ऊन नाही, माती नाही, कवचाला चुना नाही. टबात ठेवलंत तर उन्हाळा काढणार नाही. वनखात्याच्या ताब्यात द्या. तुम्ही होऊन दिलंत तर फारसा त्रास होणार नाही. मी बोलतो त्यांच्याशी."

बाहेर आल्यावर रंभाजी म्हणाले, "देऊन टाकू, जयमाला. त्यांच्याकडं जागा असंल, मानसं असतील."

"नाही द्यायचं."

"मरंल ते."

"मामा, सम्राटचं एवढंच राहिलंय माझ्याकडे. तुम्ही बत्तीस वर्षं माळीकाम केलंत ना? मग करा त्याला जागा."

दुसऱ्या दिवशी सकाळी रंभाजींनी परसातल्या शहाबादी फरश्या पहारीने उचलायला घेतल्या.

आठ फूट बाय दहा फुटांची जागा. कडेने हातभर खोल चर खणून त्यांनी त्यात विटा उभ्या पुरल्या. कासव उकरत जातं आणि भिंतीखालून निसटतं, हे त्यांना ठाऊक होतं. आतली चिकट माती काढून मुरूम, वाळू आणि गाळाचा पोयटा कालवला. एका अंगाला उंचवटा केला, पाणी साचू नये म्हणून. जुनी कौलं एकमेकांना टेकवून सावलीला बीळ केलं. पसरट थाळी जमिनीत काठापर्यंत पुरली, म्हणजे ढब्बूला पाण्यात उतरता यावं पण तो बुडू नये. वरून कोंबड्यांची जाळी, मुंगूस येऊ नये म्हणून, आणि कडेने गोणपाट, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून.

जयमाला लॅबमधून आली की घमेली उचलायला लागायची. हळूहळू बोलणं सुरू झालं.

"ही कण्हेर लावूया का कोपऱ्यात? फुलं येतात छान."

"खुळी का काय! कण्हेर इख असती. रुईबी न्हाई लावायची." रंभाजी मातीतून हात न काढताच म्हणाले. "जास्वंद लावू. पानंबी खाईल, फुलंबी."

जास्वंद लावली. कोरफड लावली. फड्या निवडुंगाचे काटे चुलीवर भाजून पानं रोवली. घोळीची आणि माठाची भाजी पेरली. एका संध्याकाळी रंभाजींनी सम्राटची एक गोष्ट सांगितली. दुसरीत असताना त्याने, ते कामाला होते त्या बंगल्यातल्या गुलाबाच्या सगळ्या कळ्या उमलायला मदत करतो म्हणून सोलून काढल्या होत्या. जयमाला हसली. वर्षभरात पहिल्यांदाच त्या घरात कुणी हसलं होतं.

फेब्रुवारीत ढब्बूला आत सोडलं. दोन दिवस तो बिळातच होता. तिसऱ्या दिवशी उन्हात आला, मान लांब केली आणि घोळीचा शेंडा तोडला. त्या दिवशी दोघं जेवायचं विसरले.

मधल्या भागात हरळी धरत नव्हती. रंभाजी पूर्वी ज्या मैदानाची निगा राखायचे, तिथे कुंपणालगत दाट हरळी होती. एका दुपारी ते गेले आणि मुळांसकट चार चौकोनी थर कापून सायकलवरून घेऊन आले. हिरवंगार गवत. संध्याकाळी लावलं, पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ढब्बू त्यावरच होता.

दोन दिवसांत हरळी टोकांकडून पिवळी पडली. ढब्बूच्या तोंडाला फेस आला. रंभाजी सायकल काढून मैदानावर गेले. तिथलं कुंपणालगतचं सगळं गवत करपलं होतं. ठेकेदाराच्या माणसाने सांगितलं, "तणनाशक मारलंय, बाबा. तुम्ही आलात त्याच दिवशी, सकाळी."

दोघांनी ढब्बूला पुन्हा नगरला नेलं. डॉक्टरांनी सुई दिली. म्हणाले, "औषधानेच झालं असं छातीठोक नाही सांगता येणार. मुळात ते फार अशक्त होतं."

परतताना रिक्षातच ढब्बूची मान बाहेर लोंबली, ती आत गेली नाही.

रंभाजींनी जास्वंदीपाशी खड्डा केला. जयमाला उभी होती. खड्डा बुजल्यावर ती म्हणाली, "बत्तीस वर्षं गवतात काढलीत आणि औषध मारलेलं गवत ओळखता आलं नाही? तुमच्या हाताला काही जगतच नाही. बायको नाही, लेक नाही, हेही नाही."

रंभाजींनी कुदळ भिंतीला टेकवली. हात धुतले. सकाळी ती उठली तेव्हा पिवळी हरळी उपटून परसात जाळलेली होती आणि रंभाजी घरात नव्हते. त्यांची बहीण साळूबाई घोडेगावला राहायची. दुपारी तिचा फोन आला, "दादा हितं हायेत."

जयमालाने तीन आठवडे काढले. एका रविवारी ती तारकपूर स्टँडवरून एसटीने घोडेगावला गेली. रंभाजी साळूबाईच्या दारात कांद्याची रोपं निवडत बसले होते. तिला बघून त्यांनी गोणपाट पुढे सरकवलं. ती बसली.

"मामा, मी बोलले ते चुकलं."

"खोटं काय हुतं त्यात?"

"सगळंच खोटं होतं. डॉक्टर म्हणाले होते, देऊन टाका. तुम्हीही म्हणालात. मीच नाही दिलं. दिलं असतं तर ते जगलं असतं."

रंभाजींनी दोन-तीन रोपं बाजूला टाकली. "व्हय," ते म्हणाले. "जगलं असतं."

तिला वाटलं होतं, ते नाही म्हणतील.

"तुम्हाला हे माहीत होतं, तर त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"माझा लेक जाऊन वरीस झालं तरी मला रडू आलं न्हवतं. तू बोललीस आन् आलं. मग काय बोलू?"

बराच वेळ दोघं रोपं निवडत राहिले. शेवटी ती म्हणाली, "घरी चला."

"न्हाई. आपन दोघं एका घरात बसलो की तिसरं कायतरी मदी लागतं. आता ते न्हाई."

ते तिला फाट्यापर्यंत सोडायला आले. एसटी दिसली तसे म्हणाले, "तू अजून लहान हायेस. तुझ्या आईकडं जा. का दुसरं कायबी कर. माझ्यापायी अडून ऱ्हाऊ नको."

तिने वाकून त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मातीचा होता म्हणून लगेच उचलला. गाडीत गर्दी होती. ती दाराशीच उभी राहिली. रंभाजी तोवर पाठमोरे होऊन चालायला लागले होते.