कढई झालेला नगारा

मी एक जुना, तांब्याचा नगारा आहे. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू आपली कहाणी सांगताना बहुधा सुस्कारे टाकतात. मला ते जमणार नाही. मी रागावलेला आहे आणि तो राग गिळून सांगण्यासारखी माझी कहाणीही नाही.

चेक देशातल्या ब्रनो शहराच्या एका तांबटानं मला आणि माझ्या भावाला एकाच उन्हाळ्यात ठोकून घडवलं. आमची जोडी. तो थोरला, खर्जाचा. मी धाकटा, जरा चढ्या सुराचा. तोंडावर वासराचं कातडं, ते ताणायला काठाभोवती लोखंडी मळसूत्रं आणि बुडाला हवा खेळायला एक भोक. त्याच मोराव्हिया प्रांतातल्या लिपोवा गावच्या चर्चमध्ये, वरच्या सज्ज्यात आम्हाला बसवलं. ईस्टरच्या सकाळी तुताऱ्यांच्या जोडीनं आम्ही घुमलो की खाली बाकांवर पेंगणारे शेतकरी ताठ बसत.

मग लोकांची आवड बदलली. नवा संगीतप्रमुख आला. आमचं संगीत त्याला आजोबांच्या खोकल्यासारखं वाटे. त्यानं सज्जा रिकामा करवला. भाऊ भंगारात गेला. त्याचे पुढे खिळे झाले की पातेली, हे मला कुणी सांगितलं नाही. मला चर्चमागच्या झुडपांत भिरकावलं. पावसानं माझं कातडं कुजून गळून पडलं.

तिथून श्तिपलांच्या घरची एक बाई मला पाठुंगळीला मारून घेऊन गेली. लोहारानं बुडाचं भोक बुजवलं आणि मी आलुबुखाराचा मुरंबा आटवायची कढई झालो. दर शरदात खालून मला जाळायचं आणि वर बसून गावभरच्या कुचाळक्या करायच्या, असं कित्येक पिढ्या चाललं. मी आतल्या आत धुमसत होतो. ज्या अंगातून गर्जना निघाली, त्याला आता मुरंबा करपू द्यायचा नाही एवढंच काम उरलं होतं.

अशाच एका शरदात रादोवान हेयदुक त्या अंगणात आला. तो मोठ्या सरकारी वाद्यवृंदातला पहिला बासरीवादक. चांदीची बासरी आणि ती नोकरी दोन्ही सोडून त्यानं जुन्या पद्धतीची लाकडी बासरी धरली होती. विसरलेलं जुनं संगीत जुन्याच वाद्यांवर वाजवायचं, हे वेड त्याच्या डोक्यात होतं. सोबत्यांनी त्याला, मेंढ्या किती पाळल्यास, असं विचारून हैराण केलं होतं. तरी त्यानं आपला छोटा ताफा जमवला आणि स्वतःच त्याचं संचालन करू लागला. लिपोवाच्या सज्ज्यात त्याला एका 'मास'ची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनासंगीताची, जुनी स्वरलिपी सापडली होती. तिच्यात दोन नगारे लिहिलेले होते, म्हणून तो दारोदार विचारत फिरत होता.

माझ्या काठावरची मळसूत्रं त्याला दिसली. वाकून त्यानं बोटाच्या पेरानं माझ्यावर टकटक केली.

"मास्तर, मुरंबा हवा तर वाटी आणते," रोझालिया श्तिपलोवा ढवळता ढवळता म्हणाली. "भांडं बडवू नका."

"आजी, हे भांडं नाही. हा नगारा आहे. याच्यात शिजवता? लाज नाही वाटत?"

तिनं हातातला पळा खाली ठेवला.

"माझ्या पणजीनं याला चिखलातून उचलून आणलं. तेव्हा तुम्ही शहाणे लोक कुठं होता? आम्ही शिजवलं, म्हणून हा आज आहे. नाहीतर याच्या भावासारखा वितळून गेला असता."

 माझ्या रागाला पहिल्यांदाच ठेच लागली. रादोवान बाकावर बसला, तिच्या हातचा गरम मुरंबा पावाला लावून खाल्ला आणि मग माफी मागितली. शेवटी तिनं मला चर्चला दिलं, पण वाजवण्यासाठी, हे तिनं पाद्रीबाबांकडून दोनदा वदवून घेतलं.

भोक पुन्हा मोकळं झालं. नवं कातडं चढलं. भावाच्या जागी दुसऱ्या गावचा एक नगारा आला. त्या ईस्टरला रादोवाननं हात उचलला, टिपरी माझ्यावर पडली आणि रोझालिया पहिल्या बाकावर रुमालाआड तोंड लपवून रडली. पुढची बारा वर्षं मी त्याच्याबरोबर वाजलो. दम्यानं त्याची बासरी सुटली, पण हात थांबले नाहीत.

मग आमचं नाव झालं आणि तिथंच घात झाला. जिल्ह्याच्या संग्रहालयाचा संचालक मला पाहून गेला. असली दुर्मिळ वस्तू बडवणं म्हणजे गुन्हा, असं त्यानं पाद्रीबाबांना पटवलं. मला काचेच्या पेटीत ठेवलं. रादोवान भांडायला आला.

"वाजवल्यानं तो झिजतो, साहेब," संचालक म्हणाला.

"झिजू दे की. मीही झिजलोच आहे. मला ठेवा काचेत."

त्याला बाहेर काढलं गेलं. त्यानंतर तो दर वर्षी यायचा, मला देण्याची मागणी करायचा आणि नकार ऐकून धापा टाकत जिना उतरायचा. गेल्या हिवाळ्यात तो गेला. त्याच्या माणसांनी स्मरणाच्या मैफिलीसाठी, निदान एका संध्याकाळपुरता, मला मागितलं. दिलं नाही.

मैफील सुरू व्हायच्या आधी रोझालिया काठी टेकत संग्रहालयात आली. आता तिची नव्वदी जवळ आली आहे. तिनं पहारेकऱ्याला सांगितलं, "तुमच्याकडे माझी कढई आहे. वाजवायची नसेल तर परत द्या. मुरंबा तरी होईल."

पहारेकरी हसला. मी हसलो नाही. ज्या चुलीला मी जन्मभर शिव्या घातल्या, तिच्यावर त्या घटकेला मी आनंदानं चढलो असतो. तिनं काचेवर तळहात टेकला, तर तेवढ्यासाठीही तो तिच्यावर ओरडला.

मित्रांनो, कोंडून ठेवण्याला जपणं म्हणू नका. तुमच्या घरी किंवा शाळेत एखादं वाद्य कपाटात पडलं असेल, तर ते बाहेर काढा. बेसूर वाजू दे, झिजू दे, तुटलं तर सांधा. आणि कुणी दरडावलं, "हात लावू नका," तर त्याला तोंडावर विचारा, मग ते घडवलं कशाला होतं?