आत्याला विचारा

मी एक कॅटेगरी आहे. खिळे, कुलपं, नळ विकणाऱ्या एका दुकानाच्या वेबसाइटवर माझा मुक्काम असतो. डावीकडच्या यादीत पाहा: 'नळ व पाइप', 'कुलपे', 'रंगकाम' आणि सगळ्यांत खाली मी, 'आत्याला विचारा'. हसू नका. हे नाव मी मागून घेतलेलं नाही.

दुकान आत्याचं. चाळीस वर्षं तिनं ते एकटीनं चालवलं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा भाचा आणि भाचेसून मदतीला आले, आणि मदत करता करता त्यांनी तिला घरी बसवलं. "आत्या, तू आता आराम कर," असं म्हणून भाच्यानं दुकान ऑनलाइन नेलं.

त्यासाठी एक सॉफ्टवेअर आणलं. दुकानातल्या सगळ्या वस्तू एका तक्त्यात भरायच्या, प्रत्येकीपुढे कॅटेगरी लिहायची आणि बटण दाबायचं, की कॅटेगऱ्या आपोआप तयार. हे काम भाचेसुनेच्या गळ्यात पडलं. ती नेटानं बसली खरी, पण दोनशे बारा वस्तू अशा निघाल्या, की त्या कशाला लागतात हे तिला ओ की ठो कळेना. मग आपल्याच आठवणीसाठी तिनं त्यांच्यापुढे लिहून ठेवलं, 'आत्याला विचारा'. विचारायचं राहून गेलं आणि बटण दाबलं गेलं.

सॉफ्टवेअर पक्कं सांगकाम्या. त्यानं हूं की चूं न करता माझी स्थापना केली. शेजारणींनी नाकं मुरडली. 'कुलपे' तर माझ्याशी आजतागायत बोललेली नाही, पण तिचं तोंड तसं कायमच बंद.

गिऱ्हाइकांना मात्र मी भलतीच आवडले. त्यांना वाटलं, ही काहीतरी नवी सोय आहे. फोन सुरू झाले.

"आत्या आहेत का? जरा विचारायचं होतं."

दोन दिवस भाचेसुनेनं टोलवाटोलवी केली. तिसऱ्या दिवशी कंटाळून फोन घरी जोडून दिला. आत्या तिकडे रिकामपणानं पिसाळली होती. घरातल्या बिजागऱ्यांना तिनं इतकं तेल पाजलं होतं, की एकही दार जागेवर थांबत नव्हतं.

"दाराची बिजागरी सारखी निखळते हो," पलीकडून एक बाई म्हणाल्या.

"घरात दार कोण आपटतं?"

"...आमचे हे."

"मग आधी भांडण मिटवा. बिजागरी नंतर घ्या, मोठी घ्या."

दुसऱ्या दिवसापासून आत्या दुकानात हजर. काउंटरजवळ खुर्ची टाकून ती फोन घ्यायला लागली. गुडघ्यांचं नावही काढीना.

महिन्याभरानं भाच्यानं वेबसाइट नीट पाहिली आणि कपाळाला हात लावला. "लोक हसत असतील आपल्याला! काढूनच टाकतो हिला." माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण सांगकाम्यानं त्याला अडवलं: आधी या दोनशे बारा वस्तूंना दुसरी कॅटेगरी द्या.

आता मात्र आत्याला विचारणं भागच होतं. आत्या हरखली. भाचेसून एकेक वस्तू पुढे धरी, आत्या नजर टाकून सांगे, भाचेसून लिही. पहिल्याच दिवशी नव्वद वस्तू मला सोडून गेल्या. मी अर्धमेली झाले.

"झकास!" भाचा म्हणाला. "अजून दोन दिवस, आत्या. मग तू सुटलीस. घरी बसून खुशाल आराम कर."

आत्याचा हात तिथेच थांबला. आणि दुसऱ्या दिवसापासून तिची स्मरणशक्ती जी मंदावली ती मंदावलीच. एक साधा आकडा हातात घेऊन ती दुपारभर बसे. "थांब हं, ओठांवर आहे अगदी." दिवसाला एक वस्तू, कधी तीही नाही. फोनवर मात्र खडाखड उत्तरं. मला तिचा डाव कळला, आणि खरं सांगते, मला रडू आलं. तिला घरी जायचं नव्हतं, मला मरायचं नव्हतं.

असे चार-पाच महिने वस्तू पुरवून पुरवून आम्ही शेवटच्या वस्तूवर आलो. पितळेची, बोटाएवढी, एका टोकाला वाकडी. त्याच सकाळी एका गिऱ्हाइकाला ती कुठं बसवायची हे आत्यानं फोनवर तपशीलवार समजावलं होतं. भाचेसून शेजारीच होती.

दुपारी भाच्यानं विचारलं, "मग? हे काय आहे?"

आत्यानं ती वस्तू उलटसुलट केली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नाही बाई आठवत."

भाच्यानं बायकोकडे पाहिलं. "तुला काही कल्पना?"

भाचेसून क्षणभर आत्याकडे बघत राहिली. मग तक्ता मिटून म्हणाली, "छे! मला कुठून असणार?"

त्यामुळे मी अजून आहे. माझ्या पदरी ती एकुलती एक वस्तू आणि काउंटरजवळ आत्या. वाचकहो, कधी माझ्याकडे आलात आणि ती वस्तू तुम्ही ओळखलीत, तर कृपा करून भाच्याजवळ बोलू नका. त्यापेक्षा तो बाहेर गेलेला असताना फोन करा. आत्या सगळं सांगेल. तुम्हाला आधीच माहीत असलं, तरी शेवटपर्यंत ऐकून घ्या.