जोहोरवरून आलेला ढग

क्षिप्राचा फोन आला तेव्हा निशिकांत चांगी बिझनेस पार्कमधल्या नव्या इमारतीसमोर, पाहुण्यांच्या खुर्च्यांमागे उभा होता. इमारत सगळी काचेची, आणि आज तिचं उद्घाटन. पायापासून गच्चीपर्यंत अख्खी भिंत पांढऱ्या दिव्यांनी उजळली होती. दिव्यांची जबाबदारी त्याची. दिवे चालू-बंद करायचा टॅब्लेट त्याच्याच हातात होता.

"निशिकांतदादा, दिवे बंद करता येतील?" तिनं विचारलं.

"अगं, भाषणं चालू आहेत. झालं काय?"

क्षिप्रा मूळची साताऱ्याची. विद्यापीठात स्थलांतरित पक्ष्यांवर संशोधन करायची आणि त्याच्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये एक खोली भाड्यानं घेऊन राहायची. जेवताना ती नाना गोष्टी सांगायची. थंडीत पाकोळ्या जातात कुठे हे न कळल्यामुळे लोक पूर्वी म्हणायचे, त्या तळ्याच्या गाळात झोपतात. मग जर्मनीत एक करकोचा सापडला, त्याच्या मानेत आफ्रिकेतला भाला आरपार अडकलेला. तेव्हा कुठे लोकांना वाटलं, हा तिकडे जाऊन आला असणार. निशिकांतला या गोष्टी आवडत. आज मात्र तिच्या आवाजात गोष्ट नव्हती.

"पावसाच्या रडारवर उत्तरेला खाडीपलीकडच्या जोहोरकडून एक ढग खाली सरकतोय," ती म्हणाली. "तिथं पाऊस नाही, मी विचारून खात्री केलीय. ढग नाही तो. पक्षी आहेत."

"रडारवर पक्षी?"

"दुसऱ्या महायुद्धात रडारवाल्यांना असेच डाग दिसायचे. विमान तर कुठे नाही, मग हे काय, म्हणून घाबरायचे. पुढे कळलं की अंधारात आभाळातून किती पक्षी जातात. दादा, दक्षिणेला समुद्रावर खरा पाऊस उभा आहे. त्याला अडले की ते खाली उतरणार. आणि खाली सगळ्यात जास्त उजेड तुमच्याकडे."

निशिकांतनं वर पाहिलं. ढग इतके खाली आले होते की इमारतीचा उजेड त्यांच्या पोटाला लागत होता. वारा पडलेला. त्या दुधट उजेडातून काहीतरी बारीक सर्रकन गेलं. मग आणखी एक. मग पातळ, तुटक शिट्ट्या ऐकू येऊ लागल्या, कुठून ते कळेना.

तो डेस्मंडकडे गेला. डेस्मंड त्याचा वरिष्ठ, तसा भला माणूस.

"पाच मिनिटं दिवे घालवू या, वर पक्षी आलेत," निशिकांत म्हणाला.

"प्रमुख पाहुणे बोलतायत," डेस्मंड स्टेजवरची नजर न हलवता म्हणाला. "नंतर बघू."

निशिकांत जागेवर परतला. बोट टॅब्लेटवर ठेवून उभा राहिला. काचेवर काहीतरी आपटलं, ओलं फडकं भिंतीवर फेकावं तसं. पुन्हा आपटलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यात पुढचे आवाज बुडाले. वर आता पाखरं दिव्याभोवतीच्या किड्यांसारखी गोल गोल फिरत होती. उजेडात शिरलेल्यांना बाहेरचा अंधार दिसेनासा झाला होता. पुढच्या रांगेतल्या एका बाईंच्या पायाशी एक पक्षी येऊन पडला. निळे पंख, पोटाखाली लालभडक, चोच उघडी. नवरंग. बाईंनी पाय वर घेतले.

निशिकांतनं बोट दाबलं.

सगळं काळं झालं. माइक चालू होता, पण बोलणारा थांबला. कुणी हललं नाही. डोक्यावरून फक्त त्या शिट्ट्या जात होत्या. आधी दाट, मग विरळ, मग दक्षिणेकडे दूर. डेस्मंड त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला होता. त्याचा श्वास ऐकू येत होता.

सकाळी क्षिप्रा पिशव्या घेऊन आली. दोघांनी इमारतीच्या पायथ्याशी वाकून पक्षी उचलले. ते इतके हलके होते की निशिकांतला पुन्हा पुन्हा पिशवीत पाहावं लागलं.

"यांची पिसं प्रयोगशाळेत तपासली की कळेल, हे कुठे वाढले ते," ती म्हणाली. "आम्हाला जे कळलं ते बरंचसं असंच कळलं, दादा. आधी दीपगृहांखाली मरून पडलेल्यांवरून, आता इमारतींखाली."

"मी लवकर बंद करायला हवे होते."

तिनं शेवटचा पक्षी आत ठेवला. पिशवीचं तोंड बांधलं.

दुपारी डेस्मंडनं त्याला बोलावलं. आज जाहिरातीचं चित्रीकरण होतं, दिवे पूर्ण हवेत.

"मी लावणार नाही," निशिकांत म्हणाला. "पावसाळी हवा आहे तोवर तरी नाही."

"मग दुसरं कुणी लावेल," डेस्मंड हळू म्हणाला. "तू काही दिवस घरी राहा. टॅब्लेट इथेच ठेव."

संध्याकाळी बेडोकला मेधानं बायकोच्या हक्कानं विचारलं, नोकरी राहील ना? "माहीत नाही," तो म्हणाला. तिनं त्याच्यासमोर चहा ठेवला. क्षिप्रा टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. तिनं तो त्याच्याकडे वळवला. पडद्यावरच्या रडारचित्रात जोहोरच्या खालच्या अंगाला हिरवा डाग होता, कालच्यापेक्षा मोठा.

निशिकांत खिडकीशी गेला. ढग कालच्यासारखेच खाली आले होते. तो पाहत असतानाच पूर्वेकडे, चांगीच्या बाजूला, त्यांचं पोट पांढरं झालं.